शेवटच्या डब्यातले गार्डसाहेब

गार्डसाहेब जीपमध्ये कधीच पुढे बसले नाहीत. सकाळी रायपूरच्या शंकर नगरातल्या ऑफिसातून कंपनीची जीप कारखान्याकडे निघायची, तेव्हा ड्रायव्हरशेजारची गादीची जागा मोकळी असली तरी हे गृहस्थ मागच्या दाराने चढायचे, शेवटच्या आडव्या बाकावर टेकायचे आणि मागच्या काचेतून सुटत चाललेला रस्ता पाहत राहायचे. हौसेने धूळ खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना छेडलं, "साहेब, मागं काही विसरलं काय?" ते शांतपणे म्हणाले, "पुढचं पाह्याले ड्रायव्हर हाये ना बापा. मागचं कोण पाह्यते?" मी हसलो. त्या वयात हसायला मला फार कारण लागत नसे.

त्याच महिन्यात एकदा ते मागून ओरडले, "थांबव!" ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. एक सायकलवाला आमच्या जीपचा धक्का लागून नालीत पडला होता. ड्रायव्हरला पत्ता नव्हता, मला नव्हता, आम्ही दोघे समोरच्या ट्रकला शिव्या देण्यात गुंतलो होतो. गार्डसाहेब उतरले, त्या माणसाला उठवलं, त्याचा गुडघा आपल्या रुमालाने बांधला आणि परत येऊन आपल्या बाकावर बसले. ड्रायव्हरला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांच्या बसण्यावर विनोद करणं सोडून दिलं.

ते गार्ड नव्हते. ते आमच्या कंपनीचे कंपनी सेक्रेटरी होते, म्हणजे संचालक मंडळाच्या बैठका बोलावणं, त्यांची इतिवृत्तं लिहिणं आणि कायद्याने जे जे करायचं ते होतं आहे ना हे पाहणं, हे त्यांचं काम. पण सेक्रेटरी म्हटलं की लोकांना टायपिस्ट वाटायचा आणि गार्डसाहेब म्हटलं की वॉचमन. एका पाहुण्याने तर थेट त्यांच्या हातात गाडीची किल्ली ठेवली आणि "छाँव में लगा देना" असं सांगून तो वर निघून गेला. गार्डसाहेबांनी खरंच गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली आणि वर येऊन मीटिंगमध्ये त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसले. पाहुणा तासभर डोकं वर करू शकला नाही.

टोपणनाव वडिलांवरून आलं होतं. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून रायपूरला आले आणि धमतरीच्या छोट्या गाडीवर गार्ड झाले. त्यांचा हातदिवा, एक बाजू लाल आणि एक हिरवी, गार्डसाहेबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून असायचा. मी मेंटेनन्सचा इंजिनियर, म्हणून मला त्यांनी पहिल्या दिवशीच 'इंजिन' करून टाकलं. म्हणायचे, "तू इंजिन, मी गार्ड. मधातली सारी गाडी आपल्या भरवशावर." रायपूरला ना माझं कोणी होतं ना गोतावळा. रविवारी त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जाऊन वहिनींच्या हातची झुणका-भाकर खायची, हे माझं ठरलेलं. बापासारखं बापासारखं म्हणतात ना, तसं माझं त्यांच्याशी होतं.

ते दिवस नव्या राजधानीचे होते. राज्य नवं, मंत्री नवे, आणि शहराबाहेर दर महिन्याला एक नवी चिमणी. आमचा कारखाना स्पंज आयर्नचा, म्हणजे खनिजातून कच्चं लोखंड काढण्याचा. सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट दुपारी काढायला गेलं की त्यावर काळी बारीक भुकटी बसलेली असायची. पेरूच्या पानावर, दुधाच्या पातेल्यावर, लेकरांच्या नाकपुड्यांत तीच. लोक म्हणायचे, विकास आहे. गार्डसाहेब खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायचे, बोट पाहायचे आणि पँटला पुसायचे.

कंपनीचे मालक म्हणजे बडे भैया. माणूस वाईट म्हणवणार नाही. कामगाराच्या पोरीच्या लग्नाला जायचा, पंगतीत बसायचा. पण कंपनीचा रोजचा कारभार पाहणारे तेच, आणि त्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्षही तेच. मंडळावर आणखी तिघं होती. एक भाभीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एक साळे, म्हणजे भाभीजींचे भाऊ, आणि एक निवृत्त प्रोफेसरसाहेब, ज्यांना 'स्वतंत्र' संचालक म्हणत. प्रोफेसरसाहेब समोसा स्वतंत्रपणे मागवायचे, एवढं मी पाहिलं आहे.

एकदा आम्हा सगळ्यांना एका हॉटेलात व्याख्यानाला बसवलं. विषय होता कॉर्पोरेट गव्हर्नन्स आणि कॉर्पोरेट मॅनेजमेंट यांतला फरक. दिल्लीच्या पाहुण्याने दोन तास पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवले. बाहेर टपरीवर मी म्हणालो, "मले तर दोन्ही एकच वाटते." गार्डसाहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"एक कसं? भट्टी कवा पेटवाची, माल किती काढाचा, कोणाले कामावर घ्याचं, हे मॅनेजमेंट. ते ड्रायव्हरचं काम. त्यात गार्डानं नाक खुपसू नाही. पण ड्रायव्हर सिग्नल तोडून राहिला काय, मागचे डबे जुडून हायेत काय, गाडी ठरल्या गावाले जाऊन राहिली काय, हे पाह्यणं म्हंजे गव्हर्नन्स. गार्ड गाडी चालवत नाही. पण त्याच्या झेंडीबिगर गाडी हालत नाही. आन् ब्रेक फक्त इंजिनातच असते असं लोकाईले वाटते. गार्डाच्या डब्यात बी असते."

"आणि दोन्ही कामं एकाच माणसाकडं असली तर?"

"मंग त्या गाडीत आपले लेकरं बसवू नाही," ते म्हणाले आणि ग्लास उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

त्यांना एका वाक्याचा मनापासून तिटकारा होता. बैठकीत मागच्या इतिवृत्ताचा कागद पुढे आला की बडे भैया घड्याळाकडे पाहून म्हणायचे, "पढ़ा हुआ माना जाए." सगळे माना हलवायचे, बडे भैया सही ठोकायचे आणि समोसे यायचे. कोणी वाचलेलं नसे. वाचलं असं समजायचं, बस्स. गार्डसाहेब घरी जाताना जीपमध्ये मागच्या काचेकडे तोंड करून पुटपुटायचे, "माना जाए! पेशंट जिवंत हाये असं माना जाए!"

एक दिवस त्यांनी मला आपल्या केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि इतिवृत्ताचं जाडजूड रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. बडे भैयांच्या सहीच्या वर, अगदी गंभीर हिंदीत लिहिलं होतं: "सर्वसम्मति से निर्णय हुआ कि अगली बैठक से संचालकों को भोजन में बोरे-बासी परोसी जाए।" आदल्या दिवशीचा भात रात्रभर पाण्यात घालून सकाळी कांद्याशी खातात, ती बासी. आमच्या कारखान्यात ती फक्त मजूर खायचे. मंडळाने ती एकमताने मंजूर केली होती आणि सही मारून पक्की केली होती. आम्ही दोघं तोंडावर हात धरून इतके हसलो की गार्डसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी चष्मा पुसला. "कोणीच वाचत नाही रे, इंजिन," म्हणाले. "शेवटच्या डब्यात मी एकलाच हावो."

कोणी वाचतं का हे पाहायला मुद्दाम घातलेली ती ओळ त्यांनी खोडली नाही. खोडायला हवी होती.

पुढची गोष्ट भोंग्याची. भट्टीतून एक वायू निसटतो, त्याला ना रंग ना वास. माणसाला कळायच्या आत तो माणसाला झोपवतो. म्हणून भट्टीजवळच्या चौथऱ्यावर एक यंत्र बसवलेलं होतं. हवेत तो वायू वाढला की भोंगा वाजायचा आणि सगळ्यांनी खाली पळायचं. आमचा भोंगा दिवसातून तीनतीनदा वाजायला लागला. कधी खरा, कधी उगाच. लोक पळायचे, भट्टीचा ताल बिघडायचा, माल खराब निघायचा. बडे भैया चौथऱ्याखाली उभे राहून मला म्हणाले, "इसको बंद करो यार. मशीन ही खराब है. नया आएगा तब देखेंगे." मी म्हणालो, "भैया, नवीन येईपर्यंत..." ते म्हणाले, "मैनेजमेंट का फैसला है." मी वर चढलो आणि माझ्या हाताने भोंग्याचा फ्यूज काढला. तो खिशात घातला आणि नंतर टेबलाच्या खणात टाकून दिला.

भोंगा बंद झाल्यावर पहिले दोन दिवस सगळ्यांना चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी कोणाला आठवलंही नाही. फिटर दुकालू तेवढा म्हणाला, "साहब, भोंपू चुप हे का?" मी म्हणालो, "नवा येणार आहे." "हव साहब," म्हणून तो पाना घेऊन वर गेला. दुकालू कुठल्याही गोष्टीला हव, म्हणजे हो, म्हणायचा.

रविवारी झुणका-भाकर खाताना मी गार्डसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "लिहून दे मले," म्हणाले. मी घाबरलो, गावाकडे माझी मुलगी नुकतीच झाली होती, नोकरी गेली तर कुठे जाणार? ते म्हणाले, "हे पाह्य, गाडी किती जोरात न्याची, हे भैयाईनं ठरवावं. त्याईचा हक्क हाये. पण ब्रेक काढून ठेवाचा काय, हे त्याईनं एकट्यानं नाही ठरवाचं. ते मंडळाचं काम. लिहून दे, मी पुढं ठेवतो. तुले काही होऊ देत नाही." त्यांच्याच ओट्यावर बसून मी कागद लिहिला. आदेश कोणाचा, फ्यूज कोणी काढला, धोका काय. खाली सही केली.

बैठकीत तो कागद नवव्या क्रमांकावर होता. मलाही कोपऱ्यात बसवलं होतं. आठवा विषय संपला आणि बडे भैया म्हणाले, "नौ नंबर भी पढ़ा हुआ माना जाए." गार्डसाहेब उभे राहिले. उभं राहून बोलणं त्या खोलीत कोणी करत नसे. "नहीं साहब, ये पढ़ना पड़ेगा," म्हणाले आणि त्यांनी माझा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. भाभीजी बांगडी फिरवत होत्या. साळे फोनवर होते. प्रोफेसरसाहेबांनी सगळं ऐकलं, मला खात्री आहे, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. बडे भैया माझ्याकडे पाहून हसले. "ठीक है. नोट कर लीजिए." दार उघडलं आणि समोशांचा वास आत आला.

गार्डसाहेबांनी शब्द न् शब्द नोंदवला: भोंगा बंद असल्याची माहिती मंडळाला देण्यात आली, मंडळाने नोंद घेतली. पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त नेहमीप्रमाणे न वाचता सही होऊन पक्कं झालं. त्यांनी मला रजिस्टर दाखवलं. चेहऱ्यावर समाधान होतं. "आता कोणाले म्हणता येत नाही का आम्हाले माहीत नव्हतं."

"पण साहेब, भोंगा तर बंदच आहे."

त्यांचं बोट सहीवरच थांबलं. म्हणाले, "अजून एक मीटिंग पाह्यतो. नाही तं मी सरकारी इन्स्पेक्टराले चिठ्ठी लिहितो." ती चिठ्ठी तेव्हाच लिहिली असती तर! पण मी तरी काय केलं? फ्यूज माझ्या खणात होता. वर चढून बसवायला पाच मिनिटं लागली असती. तो खण मी दिवसातून दहादा उघडत होतो, पेनासाठी, टाचण्यांसाठी.

ती पुढची मीटिंग व्हायच्या आत ते झालं. दुपार होती, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. दुकालू चौथऱ्यावर खांबाला टेकून बसला होता, मान छातीवर. तीन जणांनी त्याला खालून पाहिलं आणि बासी खाऊन डुलकी लागली म्हणून हसून पुढे गेले. चौथ्याने हाक मारली. त्या हाकेला दुकालू हव म्हणाला नाही.

चौकशी शंकर नगरच्या त्याच खोलीत झाली. सरकारी अधिकारी अध्यक्षांच्या खुर्चीत, समोर आम्ही सगळे. गार्डसाहेबांनी रजिस्टर उघडून ती नोंद दाखवली. अधिकाऱ्याने चष्मा लावून दोनदा वाचली, आणि क्षणभर मला वाटलं, आता न्याय होणार. मग कंपनीच्या वकिलाने तेच रजिस्टर आपल्याकडे ओढलं, चार पानं मागे उलटली आणि स्पष्ट आवाजात वाचलं, "संचालकों को भोजन में बोरे-बासी परोसी जाए." खोलीत खसखस पिकली. अधिकारीही हसला. वकिलाने विचारलं, "सेक्रेटरी साहब, ये भी बोर्ड ने पास किया था?"

गार्डसाहेबांनी चष्मा काढून हातात धरला.

"जो आदमी रजिस्टर में मन से कुछ भी लिखता है और भरोसे पर दस्तखत करवाता है, उसकी बाकी बातें हम क्यों मानें?" वकील म्हणाला. प्रोफेसरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ऐसी कोई चर्चा मुझे स्मरण नहीं." मीटिंगनंतर संचालकांच्या फायली परत घेऊन कपाटात ठेवत, तो गठ्ठा, त्यातल्या माझ्या कागदाच्या प्रतींसकट, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी नाहीसा झाला होता. मग अधिकारी माझ्याकडे वळला. "आपने ऐसा कोई पत्र दिया था?"

गार्डसाहेबांचा हात शर्टाच्या खिशावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. लेकरू रस्ता ओलांडताना आपण पाहतो, तसं पाहिलं. बडे भैयाही पाहत होते.

"याद नहीं आ रहा, साहब," मी म्हणालो.

खिशावरचा हात खाली आला. निष्कर्ष निघाला की यंत्रात आपोआप बिघाड झाला होता. महिन्याभरात गार्डसाहेबांच्या जागी सदर बाजारातल्या कोणाचा तरी भाचा आला. माझा पगार वाढला. ते पैसे मी नाकारले नाहीत.

ते गोंदियाला मुलीकडे जायला निघाले, तेव्हा मी स्टेशनवर गेलो. न जाणं सोपं होतं, पण वहिनींनी निरोप धाडला होता. वहिनी आत सामान लावत होत्या, गार्डसाहेब फलाटावर उभे होते. डबा कुठला असणार? शेवटचा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनीच मला थांबवलं. "चूक माही होय. गार्डानं झेंडीसंगं खेळ नाही कराचा. एक ओळ खोटी लिहिली आन् साऱ्या खऱ्या ओळी खोट्या झाल्या. आन् ब्रेक हाताशी होता, तो बी ओढला नाही. वहीत लिहिलं, मले वाटलं झालं काम." मग खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझंच अक्षर, माझीच सही. चौकशीत तो त्यांच्या खिशात होता.

"काहून नाही दाखवला?" मी विचारलं.

"फ्यूज मी काढला, असं तू लिहिलं हायेस त्यात. भैयाईचा हुकूम तोंडी, ते सुटले असते, तू अडकला असतास. तुले काही होऊ देत नाही म्हणलं होतं ना मी?" ते गाडीत चढले. मागच्या खिडकीशी बसले. "पण हे बी चूकच होय, इंजिन. दुकालूले बी लेकरं होते." गाडी सुटली. मी वळणापर्यंत पाहत राहिलो. ते मागेच पाहत होते.

दोन वर्षांनी ते गेल्याची बातमी आली. मी गेलो नाही. दिवा तेवढा वहिनींनी कोणाच्या तरी हाती पाठवून दिला.

आता मी स्वतःच एका कंपनीच्या संचालक मंडळावर आहे. ऑफिस नवा रायपुरात, रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जाऊ नये. आमची कंपनी सेक्रेटरी मराठी घरातली पोट्टी, मी मराठीत बोललो तर हिंदीत उत्तर देते. गेल्या आठवड्यात तिने घड्याळ पाहून विचारलं, "सर, पिछले मिनट्स पढ़े हुए मान लें?" मी म्हणालो, "नाही बेटा, वाच. मोठ्यानं वाच." सगळ्यांनी उसासे टाकले. मी नेहमीच असं करतो, म्हणून मागे मला ते काय म्हणतात हेही मला माहीत आहे. म्हणोत. पण दुसऱ्यांचे कागद वाचायला लावणाऱ्या या माणसाचा स्वतःचा कागद इतकी वर्षं खणात पडून आहे, त्या फ्यूजशेजारी, हे त्यांना माहीत नाही.

गार्डसाहेबांविषयी दोन शब्द लिहा, असं मला कोणी सांगितलेलं नाही. मी लिहायला बसलो ते या एका ओळीसाठी. भोंगा आपोआप बिघडला नव्हता. बडे भैयांच्या सांगण्यावरून त्याचा फ्यूज मी माझ्या हाताने काढला होता, आणि विचारल्यावर आठवत नाही म्हणालो होतो. ही ओळ मंडळापुढे ठेवली आहे. वाचली असं समजू नका. वाचा.